हिनोमारूखाली चांदी: झिरोचं डेकल पांढरं पडतं त्यावर उतारा

तिसरं झिरो, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी लढाऊ विमानाचं प्लास्टिक मॉडेल, आणि तिसऱ्यांदा तेच. रात्री साडेअकराला पंखावर हिनोमारू, म्हणजे जपानी लाल गोलाचं डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची पातळ छापील फिल्म), बसवला, ओल्या इअरबडने दाबला, मनात म्हणलं वा काय बसलाय, आणि सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीपाशी नेऊन बघतो तर लाल गोलाच्या आत फिकट गुलाबी ढग आणि शेपटीवरच्या एआय-१५५ ह्या विमानाच्या नंबराभोवती सेलोटेप चिकटवल्यासारखी चमकणारी चौकट. सरळ वरून बघितलं तर काही नाही, जरा तिरकं धरलं की चांदी. बायको म्हणाली छान दिसतंय की, आणि तिला खरंच छान दिसत होतं, पण एकदा ही चांदी दिसली की आपल्याला त्या विमानात दुसरं काही दिसत नाही.

ह्याला सिल्व्हरिंग म्हणतात. कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं, "ग्लॉस कोट मार", म्हणजे डेकलच्या आधी चकचकीत पारदर्शक थर दे. उत्तर चूक नाहीये. पण मी दुसऱ्या झिरोला ग्लॉस मारला होता तरी चांदी आली, तेव्हा नुसतं ग्लॉस मार म्हणून भागत नाही, कुठला, किती, कधी आणि नंतर काय काय चुकतं ते सगळं सांगावं लागतं. तेच इथे लिहितोय. पुण्यात राहतो, सोसायटीत उन्हाळाभर टँकरचं पाणी आणि पावसाळ्यात कपडे तीन दिवस वाळत नाहीत, ह्या दोन्हीचा डेकलशी संबंध आहे, पुढे येईलच.

आधी हे होतं का ते बघू. मॅट रंग म्हणजे भिंगातून बघितला तर पॉलिश पेपर. डेकलची फिल्म त्या बारीक टेकड्यांच्या डोक्यावर टेकते, मधल्या खड्ड्यांत हवा अडकते, प्रकाश त्या हवेत विखुरतो आणि आपल्याला चांदी दिसते. म्हणजे डेकल खराब आहे म्हणून आपण शिव्या घालतो पण चांदी डेकलमध्ये नसतेच, त्याच्या खाली असते. तामिया कंपनीच्या रंगाच्या बाटलीवर एक्सएफ लिहिलेलं असतं त्यातला एफ म्हणजे फ्लॅट, अर्थात मॅट, आणि पर्ल हार्बरवाल्या झिरोला बरेच जण मारतात तो एक्सएफ-७६ राखाडी-हिरवा सुद्धा त्यातलाच. गंमत अशी की खरं विमान इतकं मॅट नव्हतंच, युद्धाच्या सुरुवातीची झिरो चांगली तुकतुकीत असायची. तो रंग नक्की राखाडी, का हिरवट, का 'आमे-इरो' म्हणजे साखरेच्या गोळीसारखा पिवळसर, ह्यावर लोक अजून एकमेकांच्या उरावर बसतात, मी त्यात पडत नाही.

आणि जपानी विमानांनाच हा त्रास जास्त का जाणवतो तर सुरुवातीच्या झिरोला अंगभर एकच फिकट रंग, लपायला कॅमोफ्लाज नाही, आणि त्यावर सहा हिनोमारू, पंखांवर वर दोन खाली दोन, अंगावर डावा-उजवा एकेक. खऱ्या झिरोच्या 'मॉडेल २१' ह्या प्रकाराचा पंखविस्तार १२ मीटर, म्हणजे १/४८ स्केलला पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत पंचवीस सेंटिमीटर, त्यात एवढे मोठे गोल. शिवाय पाय ठेवू नका वगैरे बारीक बारीक सूचना, ज्यात अक्षर तांदळाएवढं आणि भोवतीची कोरी फिल्म त्याच्या चौपट. लाल शाईखाली चांदी थोडी तरी झाकली जाते, कोऱ्या फिल्मखाली अजिबात नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला दोन विमानं वाया घालवून कळलं. पांढरं दिसलं म्हणजे सिल्व्हरिंगच असं नाही. माझ्या दुसऱ्या झिरोवर जे होतं त्यातलं अर्धं सिल्व्हरिंग नव्हतंच, आणि मी आठवडाभर भलत्याच रोगावर औषध देत बसलो होतो. पांढरं चार प्रकारांनी येतं. डेकलखाली हवा, ती झाली चांदी. दुसरं, पाण्यातले क्षार सुकून उरतात त्याची पांढरी कड, आपल्या स्टीलच्या पेल्यावर येते तशीच. तिसरं, लॅकर मारताना हवेत ओल असेल तर अख्ख्या थरावर येणारं धुकं, ज्याला ब्लशिंग म्हणतात. आणि चौथं, शेवटचा फ्लॅट क्लिअर, म्हणजे मॅट पारदर्शक थर, जाड किंवा दमट हवेत मारला तर डेकलच्या वर पिठी शिंपडल्यासारखं दिसतं ते.

ओळखायची युक्ती साधी आहे. बोट पाण्यात बुडवून डागावर एक थेंब ठेवा आणि टॉर्च तिरका धरून बघा. थेंबाखाली पांढरं गायब झालं आणि वाळल्यावर परत आलं तर भानगड वरच्या पृष्ठभागावर आहे, म्हणजे क्षार किंवा फ्लॅटची पिठी. थेंबाखालीही तसंच चमकत राहिलं तर हवा फिल्मच्या आत बंद झालीये, वरून कितीही पाणी घाला, तिला काय फरक पडतो. आणि पांढरं डेकलच्या कडेला बरोब्बर थांबत असेल तर सिल्व्हरिंग, कड ओलांडून रंगावरही पसरलं असेल तर ब्लशिंग. मी पाच मिनिटांत करायची ही टेस्ट आधी केली असती तर एक हिनोमारू सोलून काढायची वेळ आली नसती, खाली फक्त टँकरच्या पाण्याचा डाग होता.

पाण्याचं तिथेच संपवतो. डेकल भिजवायला आरओचं पाणी घ्या, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर मिळालं तर उत्तमच, लिटरभर कॅन दोन वर्षं पुरतो. नळाच्या पाण्याने कड आलीच असेल तर चायनीजसाठी आणतो तो पांढरा व्हिनेगर अर्धं पाणी घालून इअरबडने हलका फिरवा, क्षार निघतात.

आता ग्लॉस. मी तामियाचा एक्स-२२ हा ग्लॉस क्लिअर वापरतो, क्रिओस कंपनीच्या लेव्हलिंग थिनरमध्ये (हे लॅकर थिनरच) साधारण एकास एक, शेवटच्या हाताला थिनर थोडा जास्त, आणि एअरब्रशचं प्रेशर पंधरा-सोळा पीएसआयच्या आसपास. माझी चूक काय होती तर मी एकच हात मारून "चमकतंय की" म्हणून थांबलो होतो. नुसतं चमकून उपयोग नाही. ट्यूबलाइटखाली पंख धरा आणि पंखात ट्यूबचं प्रतिबिंब बघा, ट्यूबच्या दोन्ही कडा रेघ ओढल्यासारख्या दिसल्या तर झालं, कडा कापसासारख्या फुललेल्या दिसल्या तर अजून एक हात. दुसरी खूण नखाची. नख अगदी हलकं पंखावरून ओढा, खर्रर्र आवाज आला तर खाली अजून पॉलिश पेपर आहे. मला तीन पातळ हात लागतात, मधे वीसेक मिनिटं. लोक इथे घाबरतात की पॅनल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या कोरलेल्या रेघा, भरून जातील. जाड एक हात मारला तर भरतात, पातळ तीन हातांत नाही भरत.

एक जागा मात्र हमखास सुटते, पंख आणि अंग मिळतात तो कोपरा. एअरब्रश तिथे नीट पोचत नाही, उलट बाजूचा ओव्हरस्प्रे अर्धवट वाळून तिथे येऊन बसतो आणि सगळीकडे आरसा असताना तिथे खरखरीतच राहतं. वाळल्यावर दोन हजार नंबरचा वेट पेपर ओला करून बोटाच्या टोकाने दोनदा फिरवायचा आणि परत एक हात.

आणि वाळू द्या हो. एक्स-२२ तासाभरात हाताला कोरडा लागतो पण आत ओला असतो, त्यावर सॉफ्टनर टाकलं की ते डेकलबरोबर क्लिअरलाही मऊ करतं, मग बोटाचा ठसा उठतो किंवा वाळल्यावर पृष्ठभागाला सुरकुती पडते. उन्हाळ्यात एक दिवस, जुलैमध्ये दोन. मी डबा उपडा घालून कपाटावर ठेवून देतो, डोळ्यासमोर असलं की हात शिवशिवतात.

पावसाळ्याचं प्रकरण वेगळं. लॅकर थिनर भराभर उडतं, उडताना पृष्ठभाग गार करतं, आणि हवा दमट असेल तर त्या गार पृष्ठभागावर ओल धरते, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो तसं. ती ओल थरात अडकली की पांढरं धुकं. माझ्याकडे हवेतली ओल मोजणारा छोटा हायग्रोमीटर आहे, तो जुलैत ८५ टक्क्यांच्या खाली यायला तयार नसतो. खिडकी उघडली तर ओल आत, बंद केली तर थिनरचा वास डोक्यात. शेवटी तोडगा असा काढला की एसी ड्राय मोडवर तासभर चालू ठेवायचा, आकडा साठच्या जवळ आला की एसी बंद करून एक्झॉस्ट चालू, मास्क लावून पंधरा मिनिटांत मारून मोकळं व्हायचं आणि विमान लगेच झाकून ठेवायचं. लेव्हलिंग थिनरमध्ये रिटार्डर असतो म्हणजे ते सावकाश उडतं, त्यामुळे बराच फरक पडतो. ब्लशिंग झालंच तर रडू नका, दुसऱ्या दिवशी कोरड्या हवेत नुसतं लेव्हलिंग थिनर अगदी धुक्यासारखं लांबून एकदा मारायचं, थर परत थोडा मऊ होतो, ओल निघून जाते आणि धुकं विरघळल्यासारखं नाहीसं होतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी घरातल्यांना बोलावून दाखवलं होतं, कोणाला काही वाटलं नाही. आणि हो, कॉम्प्रेसरच्या मॉइश्चर ट्रॅपमधलं पाणी अधूनमधून सोडत जा, पावसाळ्यात ते अर्ध्या तासात साठतं आणि बरोबर हिनोमारूच्या जागीच थुंकतं.

लावताना काय करायचं. कोमट पाण्यात दहा सेकंद, बाहेर काढून ओल्या टिश्यूवर मिनिटभर. पाण्यात पोहायला सोडू नका. डेकल कागदावरून आपोआप सुटून तरंगायला लागलं की आपल्याला वाटतं वा, पण त्याच्या पोटाखालचा गोंद पाण्यात गेलेला असतो, आणि गोंद कमी म्हणजे हवेला जागा. मी हे पहिल्या दोन्ही विमानांना केलं. कागदावर बोटाने ढकलल्यावर सरकायला लागलं की तयार. पंखावर आधी मार्क सेटर किंवा मायक्रो सेट ह्या डेकल चिकटवायच्या द्रावणाचा एक ओला हात, त्यावर कागदावरून सरकवून डेकल, पॅनल लाइनशी जुळवायचं, मग इअरबड ओला करून मधून बाहेर असा लाटायचा, पोळी लाटतो तसा, घासायचा नाही. पाणी कडेने बाहेर येताना दिसतं. ते टिश्यूच्या टोकाने टिपलं की दहा मिनिटं थांबून वरून सॉफ्टनर.

सॉफ्टनर टाकल्यावर दोन-तीन मिनिटांत अख्खा हिनोमारू सुरकुततो. म्हाताऱ्याच्या गालासारखा दिसतो आणि पोटात गोळा येतो. हात लावायचा नाही! ह्या क्षणी फिल्म ओल्या पापडाइतकी नाजूक असते, बोट लावलं की फाटली. उठून जा, चहा करा. अर्ध्या तासाने सुरकुत्या आपोआप बसतात आणि पॅनल लाइन, रिव्हेट सगळं लाल रंगातून वर येतं, हा ह्या छंदातला माझा सगळ्यात आवडता अर्धा तास. एकदा कोणाकडून तरी घेतलेल्या जुन्या किटमधलं डेकल इतकं जाड होतं की चार वेळा सॉफ्टनर पिऊन ढिम्म, तिथे पाणी जरा जास्त गरम घेतलं आणि गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या कापडाच्या घडीने दाबलं तेव्हा कुठे नमलं.

चांदी आधीच आली असेल त्यांच्यासाठी. घाई नसेल तर वाचतं. मेडिकलमधून इन्सुलिनची सिरिंज आणा, तिची सुई ब्लेडच्या टोकापेक्षा बारीक असते, भोकं नंतर दिसत नाहीत. तिरका टॉर्च लावून चांदीच्या ढगावर मिलिमीटरभर अंतराने टोचायचं, सुई सरळ उभी, ओढायची नाही. मग त्यावर सॉफ्टनरचा एक थेंब आणि तो भोकातून आत शिरताना बघायचा, चांदीचा डाग कडेकडेने गडद होत आक्रसत जातो. पूर्ण वाळू द्या, परत तिरका टॉर्च, उरलेल्या बेटांना परत टोचा. माझ्या एआय-१५५ ला हे पाच रात्री चाललं. तिसऱ्या रात्रीनंतर फक्त ५ च्या पोटातला डाग उरला होता, तोही गेला. वरून फ्लॅट मारून झाला असेल तरीही करून बघा, भोकातून थोडं तरी आत जातं, पण यश अर्धंच मिळतं.

अक्षरांभोवतीच्या कोऱ्या फिल्मवर मात्र टोचत बसण्यापेक्षा लावायच्या आधीच ती कापून टाकावी. नवीन ब्लेड, अक्षराला जितकं चिकटून जाता येईल तितकं. हिएन ह्या जपानी लष्कराच्या लढाऊ विमानासारख्या उघड्या धातूच्या विमानावर तर हे लागतंच, तिथे पृष्ठभाग गुळगुळीत असल्यामुळे चांदी कमी येते पण धातूची चमक एक आणि फिल्मची चमक दुसरी, कड लगेच ओळखू येते.

आणि शेवटचा उपाय, जो खरं तर पहिला असायला हवा होता, हिनोमारू रंगवूनच टाकायचा. लाल गोल आहे नुसता, गरुड नाही की वाघ नाही, जपानी विमानं बनवणाऱ्यांना ही सोय आहे ती आपण वापरत नाही. कंपास कटरने मास्किंग टेपवर गोल कापायचा, कटरचं टोक टेपला भोक पाडतं म्हणून मध्यावर आधी टेपचा छोटा तुकडा लावायचा. आधी पांढऱ्याचा पातळ हात, म्हणजे लाल उठून दिसतो, मग लाल. मी एक्सएफ-७ मध्ये थोडा हल रेड एक्सएफ-९ घालतो, नुसता लाल खेळण्यासारखा दिसतो. लालच्या आधी टेपच्या कडेवर खालच्याच रंगाचा एक हलका हात मारला तर लाल आत झिरपत नाही. सुरुवातीच्या राखाडी झिरोला गोलाभोवती पांढरी कड नाही त्यामुळे एका मास्कमध्ये काम होतं. नंतरच्या, वरून गडद हिरव्या विमानांना पांढरी कड असते, तिथे आधी मोठा पांढरा गोल आणि त्यात लाल, दोन मास्क. अंगावरच्या पट्ट्याही रंगवाव्यात. एआय-१५५ हे पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्या पहिल्या लाटेतल्या ४३ झिरोंचा म्होरक्या शिगेरू इतायाचं, अकागी जहाजावरचं, म्हणून हिनोमारूमागे एक लाल पट्टा, कागा जहाजावरच्या विमानांना दोन. तो पट्टा डेकलने गुंडाळायला गेलात तर दोन टोकं पोटाखाली कधीही जुळत नाहीत.

रंगवताना धोका एकच, टेप काढताना खालचा रंग सोबत निघून येणं. प्लास्टिक भांड्याच्या साबणाने धुऊन, सरफेसर १५०० हा प्राइमर मारून मग रंग, आणि टेप आधी तळहातावर दोनदा चिकटवून तिचा जोर काढून मग विमानावर. एकदा मी हिएनवर हे सगळं टाळलं आणि टेपबरोबर हिरव्या ठिपक्यांचा मोठा तुकडा आला. आता खऱ्या हिएनचंही तेच व्हायचं, लष्कराच्या बऱ्याच विमानांवर हिरवा रंग प्राइमरशिवाय थेट धातूवर फवारलेला असायचा आणि पापुद्रे सुटून निघायचा, म्हणून मी क्षणभर स्वतःची समजूत घातली की हे वेदरिंगच, म्हणजे मुद्दाम दाखवलेली झीजच, आहे. पण पापुद्रा निघाला तो मास्किंग टेपच्या आकाराचा, सरळ चौकोनी! परत रंगवलं. उलट नौदलाच्या झिरोंना प्राइमर असायचा, म्हणून झिरोवर चांदीचे टवके मारत सुटणाऱ्यांनी जरा हात आवरता घ्यावा.

सगळं बसल्यावर ओल्या कापडाने डेकलवरचा उरलेला गोंद आणि सॉफ्टनरचे ओघळ पुसून घ्या, ते राहिले तर वर्षभरात तपकिरी पडतात. मग एक दिवस थांबून डेकलच्या वरून परत एक पातळ ग्लॉस, वॉश (रेघांत भरायचा पातळ गडद रंग), आणि शेवटी सेमी-ग्लॉस. झिरोला मी पूर्ण फ्लॅट मारणं सोडूनच दिलंय, वर सांगितलं तसं खरं विमानही तुकतुकीतच होतं. फ्लॅट हवाच असेल तर पावसाची उघडीप असलेला दिवस बघा आणि आधी एका टाकाऊ पंखावर मारून अर्धा तास वाट बघा. पिठी आली तर बाटली बंद करून ठेवून द्या, गणपती झाल्यावर बघू.